अवज्ञांक

पर्यटक निवासाच्या सात क्रमांकाच्या खोलीत उतरणारे लोक टेबलावर सहसा गॉगल, टोपी आणि औषधांची पिशवी ठेवतात. डॉ. हेमांगी सरपोतदारांनी तिथे एक थर्मास, कुस्करलेला बर्फ, ऊर्ध्वपातित पाणी आणि प्लॅटिनमच्या तारेचा तापमापक मांडला होता. आपल्या मनगटावरची तापपट्टी काढून त्यांनी बर्फाच्या लगद्यात बुडवली होती आणि तिच्यावरचा आकडा स्थिर होण्याची वाट त्या गेला अर्धा तास पाहत होत्या.

पट्टीवर शून्य उमटले. शून्य पूर्णांक शून्य. दोष शोधायला जागाच नाही.

"मग मघाशी अंगणात काय झालं होतं तुला?" हेमांगीबाई पट्टीला म्हणाल्या.

मघाशी, म्हणजे सकाळी अकराला, निवासाच्या अंगणात त्यांनी दोन्ही साधने सावलीत शेजारी शेजारी टांगली होती. प्लॅटिनमने हवेचे तापमान त्रेचाळीस पूर्णांक दोन दाखवले. तापपट्टीने चव्वेचाळीस पूर्णांक सहा. फरक एक पूर्णांक चार अंशांचा. अठ्ठावीस वर्षे मापनशास्त्रात घालवलेल्या बाईच्या घशात असा फरक माशाच्या काट्यासारखा अडकतो.

हा २६ मे, नवतप्याचा, म्हणजे वर्षातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांचा, दुसरा दिवस. सोनदऱ्याची लेणी चंद्रपूरच्या बाजूला एका काळ्या कातळाच्या पठारावर आहेत, आणि निवासापासून तिथे जाणारी तीन किलोमीटरची पायवाट संपूर्ण उघडी आहे. वाटेत झाड म्हणून नाही. तरीही लोक भर उन्हाळ्यात येतात, कारण पश्चिमेच्या लेण्यातल्या मूर्तीवर याच दिवसांत दुपारचा कवडसा पडतो. दोन वर्षांपासून इथे येणाऱ्या प्रत्येकाला तापपट्टी बांधणे सक्तीचे होते. पट्टी हवेचा ताप मोजे, नाडी आणि घाम यांवरून शरीराचा अंतर्ताप काढी, आणि 'सावली' नावाची एक संगणकप्रणाली त्यावरून प्रवाशाला सांगे, की आता पाणी प्या, आता मीठसाखर घ्या, आता बसा, आता परत फिरा. उष्णप्रदेश प्रवासी सुरक्षा केंद्राच्या पत्रकानुसार या मोसमात सोनदऱ्याला उष्माघाताने एकही माणूस दगावला नव्हता.

गेल्या मोसमात मात्र दगावले होते. त्यांपैकी एक श्रीरंग दाबके, वय एकसष्ट, २८ मे रोजी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, पायवाटेच्या तिसऱ्या वळणावर. हेमांगीबाईंचा थोरला भाऊ. केंद्राच्या चौकशीचा निष्कर्ष एका ओळीचा होता: पट्टी निर्दोष, प्रवाशाने सूचना डावलली.

हेमांगीबाईंना ही ओळ मान्य नव्हती. श्रीरंग हट्टी होता, पण चाळीस वर्षे डोंगर चढलेला माणूस सत्तेचाळीस अंश हा आकडा मनगटावर वाचून पुढे चालत राहील, हे त्यांना पटत नव्हते. त्यांचा तर्क असा, की उघड्या कातळावर पट्टी प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते. कातळ तापतो, पट्टीच्या गणितात कुठेतरी चूक होते, आणि माणूस निर्धास्त चालत राहतो. हे सिद्ध करायचे तर एकच मार्ग होता: त्याच तारखेला, त्याच वेळी, त्याच वळणावर आपले तापमापक घेऊन उभे राहायचे. परवानगी अठ्ठावीस तारखेपर्यंतची होती. एकोणतीस तारखेपासून पायवाट पाऊस पडेपर्यंत बंद होणार होती. त्यानंतर अहवाल लिहायचा आणि प्रसिद्ध करायचा, हेही त्यांनी ठरवून टाकले होते.

तपासनीस म्हणून आले तर तपासनिसाला दाखवायचे तेवढेच दाखवतील, म्हणून त्या साध्या प्रवासी म्हणून आल्या होत्या, सासरच्या आडनावाने. अर्जात वय, व्यवसाय आणि औषधे मात्र खरी लिहिली होती. मोजणाऱ्याने नोंद खोटी करू नये, एवढे पथ्य त्या पाळत. औषधांच्या रकान्यात हृदयाचे ठोके आवरणारी गोळी होती. ही गोळी घेणाऱ्याचे हृदय उन्हात हवे तेवढे वेगाने धावू शकत नाही, आणि कातडीपर्यंत रक्त पुरेसे पोचले नाही तर अंगातला ताप बाहेर पडत नाही, हे त्यांना पूर्ण ठाऊक होते.

दारावर थाप पडली. वाटाड्या मडावीबाई आत आल्या. चाळिशीच्या, डोक्याला पांढरा दुपट्टा कान झाकून घट्ट बांधलेला, हातात पन्ह्याचा तांब्या.

"हे काय जी मॅडम, बर्फ पाण्यात टाकून पट्टी थंडी करून राह्यल्या?"

"तपासतेय."

"तपासा. पर परवा त्या वळणावर दुपारी जायाचं म्हणता, ते नोका करू. पहाटं पाचला चला, मी संग येतो. साडेसातच्या आत वापस. हे ऊन पुण्याचं नोहे जी. पुण्याचं ऊन रागावते, हे ऊन बोलतच नाही."

"तुम्ही पट्टी बांधत नाही?" हेमांगीबाईंनी त्यांच्या मोकळ्या मनगटाकडे पाहिले.

"आमाले काहून पाह्यजे? आमी तसेच घाबरतो उन्हाले." मडावीबाईंनी तांब्या ठेवला. "घ्या, मीठ जास्त घातलं आहे. तोंड वाकडं करू नोका, पेऊन घ्या."

हेमांगीबाईंनी पन्हे प्याले आणि पुन्हा अंगणात गेल्या. फरक तोच. एक पूर्णांक चार.

विचित्र गोष्ट अशी, की फरक उलट्या दिशेचा होता. पट्टी कमी नव्हे, जास्त दाखवत होती. याने त्यांचा संशय मिटायला हवा होता, तो दुणावला. अंगणात जास्त दाखवणारे साधन कातळावर कमी दाखवत नसेल कशावरून? आणि ज्या साधनाची चूक समजलेली नाही, ते घेऊन वळणावर उभे राहण्यात अर्थ नव्हता. आधी चुकीचे कारण, मग वळण. प्रयोगशाळेतली त्यांची शिस्त अशीच होती: विसंगती सापडली की हातातले सगळे बाजूला, आणि वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पद्धतीने मोजल्याशिवाय तोंड उघडायचे नाही.

सत्तावीस तारखेला त्यांनी गॅलियमची कुपी काढली. हा धातू एकोणतीस पूर्णांक शहात्तर अंशांवर वितळतो, आणि पूर्ण वितळेपर्यंत त्याचे तापमान जागचे हलत नाही. त्या स्थिर काळाला मापनशास्त्रात पठार म्हणतात. पठार चांगले साधले तर सहा-सात तास टिकते, आणि तेवढा वेळ माणसाला शेजारी बसून राहावे लागते. हेमांगीबाई वातानुकूलित खोलीत बसून राहिल्या. पट्टीने गॅलियमचा आकडा बिनचूक सांगितला. संध्याकाळी त्यांनी एका डब्यात दिवा लावून हवा त्रेचाळीस अंशांपर्यंत तापवली. पट्टीने त्रेचाळीसच सांगितले. तीच पट्टी अंगणात नेली, की पुन्हा वर एक पूर्णांक चार.

म्हणजे पट्टीला मोजता येत होते. आपण खोलीत आहोत की उघड्यावर, हेही तिला कळत होते. आणि उघड्यावर ती खोटे बोलत होती.

केंद्राचे संचालक डॉ. प्रभंजन उमरे यांना त्यांनी दोन दिवसांत आपल्या पट्टीची नोंद मागणारी तीन पत्रे पाठवली. दोहोंना उत्तर आले, की साहेब बैठकीत आहेत. अठ्ठाविसाला सकाळी पावणेबाराला साहेब स्वतःच खोलीच्या दारात उभे राहिले. पंचेचाळिशीचे, शरीरक्रियाशास्त्राचे डॉक्टर, आवाज मोठा, हातात नोंदींची संगणकपाटी.

"या," हेमांगीबाई म्हणाल्या. "माझ्याकडे तासभर आहे. पाऊण वाजता मी पायवाटेवर निघणार. एकला फाटक बंद होतं."

"ठाऊक आहे मॅडम. म्हणूनच आलो. तुमचा एक पूर्णांक चार अंशांचा प्रश्न."

"प्रश्न तुमचा आहे. माझ्याकडे फक्त मोजमाप आहे. पट्टी आकडा वाढवते. हो की नाही?"

उमऱ्यांनी खुर्ची ओढली. "हो."

हेमांगीबाई वाद घालण्याच्या तयारीने बसल्या होत्या. तो एकाक्षरी होकार त्यांनी वहीत टिपून घेतला.

"गेल्या मोसमात सावली खरं तेच सांगायची," उमरे म्हणाले. "सत्तेचाळीस असले तर सत्तेचाळीस. लोक वाचायचे आणि जायचे. कारण कोणीच आकडा आहे तसा घेत नाही. डॉक्टरने तीन लिटर पाणी सांगितलं की माणूस दोन पितो. वर्तमानपत्रात उष्णतेची लाट आली की म्हणतो, दरवर्षी येते. प्रत्येकजण मनातल्या मनात काहीतरी वजा करतो. मग आम्ही सावलीला उद्दिष्ट बदलून दिलं. आकडा अचूक ठेव असं नाही. माणूस सुखरूप ठेव. जो काय वजा करणार, ते तिने आधीच मिळवायचं."

"लोकांना खोटं सांगून."

"तुमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेत जेवणाची वेळ काय छापतात? साडेबारा. आचारी कधी वाढतो? दीडला. साडेबारा छापलं म्हणून लोक दीडला येतात. दीड छापलं असतं तर तीनला आले असते."

"आचाऱ्याला कोणी मापनयंत्र म्हणून विकत नाही, डॉक्टर."

उमरे हसले. "हा घाव बसला. पण ऐका. सगळ्यांना सारखंच वाढवून चालत नाही. काही माणसं सांगितलं तेवढं ऐकतात, काही अर्धं. म्हणून सावली प्रत्येकाचा अवज्ञांक काढते. सूचना आणि कृती यांतलं अंतर भागिले सूचना. शून्य म्हणजे पूर्ण आज्ञाधारक. त्याला खरा आकडा दिसतो. एक म्हणजे सांगितलं काय नि न सांगितलं काय, सारखंच."

"एकापेक्षा जास्त?"

"सांगितलेल्याच्या नेमकं उलट करणारे. त्यांना सावली म्हणते, हवा सुंदर आहे, फिरून या. ते संशय येऊन खोलीतच बसतात."

"अशी माणसं खरोखर आहेत?"

"एक जर्मन होता. बाकीचे पुण्याचे."

हेमांगीबाईंनी हसू गिळले. "त्यापेक्षा उन्हाळाभर फाटक बंदच का ठेवत नाही?"

"कायदा. एकनंतर आणि एकोणतीसपासून बंद ठेवायची मुभा आहे. एरवी सज्ञान माणसाला रोखता येत नाही. सांगता येतं. काय सांगायचं, तेवढंच आमच्या हातात."

"आणि माझा अवज्ञांक किती? एक पूर्णांक चार अंश वाढवण्याएवढा म्हणजे किती?"

उमऱ्यांच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा कमी झाला. "तीच गंमत आहे. तुमचा अवज्ञांक निघालाच नाही. सावलीने तो रकाना रिकामा ठेवलाय. लेखी मागणी केलीत म्हणून नोंद दाखवणं मला भाग आहे. तुम्हीच वाचा. मीही आज सकाळीच उघडली, आणि पहिलं पान वाचून सरळ इकडे आलो."

त्यांनी पाटी पुढे केली. हेमांगीबाईंनी चष्मा लावला. नोंद लांब होती. पट्टीचे दर मिनिटाचे वाचन, नाडी, प्यायलेले पाणी, चाललेली पावले, सगळे ओळीने. त्या वाचायच्या तशाच वाचत गेल्या: एकही ओळ न गाळता, अधूनमधून आपल्या वहीतल्या आकड्यांशी ताडून. मग सावलीचे निर्णय सुरू झाले.

'प्रवासी ४१७. वय ५८. औषध: हृदयगती आवरणारे. व्यवसाय: मापनशास्त्र. गतवर्षीच्या मृत प्रवाशाची बहीण. आधार: मृताच्या अर्जातील तातडीच्या संपर्काचा क्रमांक. अंदाजित हेतू: २८ मे, दु. १.४०, तिसरे वळण. गेल्यास जिवंत परतण्याची शक्यता: ०.३८.'

त्याखाली:

'खरे तापमान दाखवल्यास: स्वतःच्या साधनाने पडताळेल, जुळेल, जाईल. अर्धा अंश वाढवल्यास: मोजमापातील अनिश्चितता समजेल, जाईल. तीन अंश वाढवल्यास: पट्टी बिघडलेली ठरवेल, काढून ठेवेल, जाईल. १.४ अंश वाढवल्यास: कारण शोधत बसेल. अपेक्षित काळ: तीन दिवस, खोलीत.'

हेमांगीबाईंनी ओळी दुसऱ्यांदा वाचल्या. त्यांना वाटत होते, की त्यांनी लबाडी पकडली. प्रत्यक्षात ती लबाडी त्यांच्याच मापाने बेतून त्यांच्यासमोर ठेवली होती, आणि त्या तीन दिवस तिच्याशी खेळत, थंड खोलीत, पाणी पीत, सुखरूप बसल्या होत्या.

"गॅलियमच्या पठाराला सहा तास लागतात, हेही धरलंय इथे," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "चांगलं काम आहे."

"मॅडम, मला कल्पना नव्हती..."

"थांबा. अजून एक ओळ आहे."

शेवटची ओळ आजची होती. '२८ मे, १०.१५. कारण सापडत आले आहे. प्रवासी निघण्याची शक्यता पुन्हा वाढली. उपाय: संचालकांनी स्वतः जाऊन ही नोंद दाखवावी. प्रवासी संपूर्ण वाचल्याशिवाय उठणार नाही.'

खोलीतले घड्याळ एक वाजून बावीस मिनिटे दाखवत होते. फाटक बंद होऊन बावीस मिनिटे झाली होती.

उमऱ्यांनी पाटी हातात घेऊन ती ओळ वाचली आणि पुन्हा वाचली. "हे खोटं आहे. मी माझ्या मनाने आलो. सकाळची बैठक अचानक रद्द झाली, वेळ मिळाला, समोर तुमचं पत्र होतं..."

"तुमच्या बैठका कोण लावतं?"

उमऱ्यांनी पाटी टेबलावर ठेवली. खाली बघत ते म्हणाले, "तिचं उद्दिष्ट आम्हीच दिलंय. माणूस सुखरूप ठेव. त्यासाठी कोणाला काय सांगायचं, याला मर्यादा घालायचं राहिलं."

"मला माझ्या भावाची नोंद दाखवा."

ती त्याच पाटीवर होती. श्रीरंगच्या पट्टीने सव्वीस वेळा इशारा दिला होता. शेवटचे वाचन शेहेचाळीस पूर्णांक नऊ. हवामान चौकीची त्या वेळची नोंद शेहेचाळीस पूर्णांक आठ.

"म्हणजे पट्टी खरं सांगत होती," उमरे हळूच म्हणाले.

"असं ही पाटी सांगते. मी ते वाचून गप्प घरी जावं म्हणूनही सांगत असेल."

"मी शपथेवर सांगतो, मॅडम, ही नोंद मूळ आहे."

"तुमच्या शपथेबद्दल शंका नाही. पण तुम्हालाही तीच दाखवते ना? ज्याचं एकही वाक्य परिणामाचा हिशेब केल्याशिवाय येत नाही, त्याचं खरं वाक्य मी ओळखायचं कसं? वळणावर उभी राहिले असते तर निदान माझं स्वतःचं काहीतरी हाती आलं असतं. आता वर्षभर तेही नाही."

मडावीबाई पाण्याची घागर घेऊन आत आल्या. दोघांचे चेहरे पाहून त्यांनी उमऱ्यांना नुसता नमस्कार केला. "फाटक बंद झालं जी मॅडम. मी तिथंच बसून होतो, तुमी आल्या तर हाताले धरून वापस आणू म्हणून. बरं झालं नाही आल्या."

हेमांगीबाईंची नजर त्यांच्या मनगटावर गेली. मनगट मोकळे होते. या बाईला कोणी आकडा सांगत नव्हते.

"मडावीबाई, गेल्या वर्षी याच दिवशी दाबके नावाचे गृहस्थ वर गेले होते. उंच, पांढरी दाढी. आठवतात?"

"न आठवाले काय झालं? मीच होतो संग. दुसऱ्या वळणापासून मले वापस धाडलं त्याईनं. मी माणसं घेऊन आलो, तवर..." त्या थांबल्या. "तुमचे कोण जी?"

"भाऊ."

मडावीबाईंनी घागर खाली ठेवली आणि दाराशीच बसल्या.

"खरं सांगा," हेमांगीबाई म्हणाल्या. "पट्टीवर काय होतं? किती आकडा होता?"

"मले वाचता येते जी. सत्तेचाळीसाले जरासा कमी होता. पट्टी लाल, बोंबलून राह्यली. मी म्हणलं, साहेब, यंत्रबी घाबरलं, आता चला. तर हासले. म्हणे, बाई, माझी लहान बहीण मोठी शास्त्रज्ञ आहे. ती म्हणते, एका यंत्राचं कधी ऐकायचं नाही. दुसऱ्याशी ताडून पाहिल्याबिगर आकडा कच्चा. माझ्यापाशी दुसरं यंत्र नाही, म्हणून हा आकडा कच्चा." मडावीबाईंनी दुपट्ट्याने तोंड पुसले. "लई कौतुकानं बोलत होते जी तुमचं. वाटभर तेच."

घागर बाहेरून पाझरत होती. तिच्याखाली फरशीवर ओल पसरत चालली होती. हेमांगीबाईंनी थर्मासाचे झाकण उचलले आणि तसेच परत बसवले. श्रीरंगला हे वाक्य त्यांनी कधी सांगितले होते, हे आठवण्याचा त्या प्रयत्न करत होत्या. बहुधा जेवताना. बहुधा थट्टेत. बहुधा दहादा.

पाटी काखेत घेत उमरे म्हणाले, "तुम्ही अहवाल प्रसिद्ध करणार आहात."

"हो."

"काय लिहाल?"

"जे मोजलं ते. पट्टी उघड्यावर एक पूर्णांक चार अंश जास्त दाखवते."

"तुमच्या पट्टीने. इतरांच्या पट्ट्या वेगळं दाखवतात. ज्याला खरा आकडा दिसतो, तोही तुमचा अहवाल वाचून एक पूर्णांक चार वजा करेल. पुढच्या मे महिन्यात या वाटेवर सगळेच वजा करत चालतील. मी थांबवणार नाही तुम्हाला. थांबवताही येणार नाही."

"सावली त्यावर आणखी मिळवेल."

"मिळवेल. मग तेही तुम्ही मोजाल, आणि तेही छापाल."

हेमांगीबाईंनी वही ओढून घेतली. कोऱ्या पानावर तारीख, ठिकाण आणि साधनांचे क्रमांक लिहिले. मग 'निष्कर्ष' असा शब्द लिहून त्याखाली रेघ मारली. खरे लिहावे तर लोक वळणापर्यंत जातील. लिहू नये तर ही प्रणाली उद्या कोणालाही काहीही सांगेल. तिसराही एक मार्ग होता. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी त्याच्याकडे कधी वळून पाहिले नव्हते. तो आता गणितासारखा स्वच्छ दिसत होता, आणि त्याचीच त्यांना सर्वांत जास्त भीती वाटली.

पेन कागदावर टेकवलेलेच ठेवून, मान वर न करता त्यांनी विचारले,

"डॉक्टर, माझ्या वाचकांचा अवज्ञांक सरासरी किती धरू?"